मनाचें दुखणें, दारू आणि गांवाचें कर्तव्य

कपाशीवर मावा दिसूं लागला, तुरीच्या शेंगेंत अळी शिरली किंवा बैलानें वैरण टाकली, म्हणजे आपण शेतकरी वेळ दवडीत नाहीं. पान उलटून पाहतों, जाणत्यास विचारतों आणि उपायास लागतों. परंतु ज्याच्या हातून हीं सारीं कामें व्हावयाचीं, त्या धन्याचेंच मन खचूं लागलें, तर तिकडे घरचीं माणसें लक्ष देत नाहींत व गांवही देत नाहीं. ‘आळशी झाला’, ‘बाटलीच्या नादीं लागला’, ‘कोणी कांहीं करणी केली’, असा कांहीं तरी शिक्का मारून आपण मोकळे होतों. पुढें एखादे दिवशीं वाईट बातमी आली, म्हणजे ‘असें कांहीं होईल हें वाटलें नव्हतें’ असें तोच गांव म्हणतो.

ही स्थिति एकट्यादुकट्या गांवाची नाहीं. २०१५-१६ सालीं झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, निरनिराळ्या मानसिक आजारांत शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत रोगी उपचारावांचून राहतात. दारूसंबंधीं केंद्र सरकारनें करविलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ माणसांत केवळ एकासच कांहीं उपचार मिळाला होता, असें त्यांत नमूद आहे. शेंकडा नव्वद जनावरें उपचारावांचून राहिलीं असतीं, तर आपण पशुवैद्यकीय खात्यास धारेवर धरलें असतें. माणसांच्या बाबतींत मात्र आपण गप्प बसलों आहों. यासाठीं या विषयाचा विचार पीकरोगाच्या विचाराइतक्याच व्यवहारी दृष्टीनें करावा, असें आम्हांस वाटतें.

दुखणें ओळखावें कसें

दुःख आणि आजार यांत फरक आहे. गारपीट झाली, भाव पडला, घरांत कोणी गेलें, तर मन दुःखी होणें स्वाभाविकच आहे. तें दुःख चार माणसांत बसल्यानें व कामास लागल्यानें हळूहळू ओसरतें. परंतु उदासपणा दोन आठवडे उलटूनही रोजच्या रोज टिकला, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस राहिला नाहीं, झोंप व भूक बिघडली, थोड्या श्रमानें थकवा येऊं लागला, निर्णय घेतां येईनासा झाला आणि ‘मी निरुपयोगी आहें, माझा घराला भारच आहे’ असे उद्गार निघूं लागले, म्हणजे तें नैराश्य नांवाचें दुखणें समजावें. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या दुखण्याप्रमाणें यासही उपचार आहे.

शेतकऱ्याच्या घरीं हें दुखणें ‘मन उदास आहे’ असें सांगत येत नाहीं. तें डोकें दुखतें, छातींत धडधडतें, अंग मोडून येतें, असल्या तक्रारींच्या रूपानें येतें. पेरणी तोंडावर आली तरी बियाण्याची चौकशी नाहीं, बांधावर गवत माजलें तरी नजर जात नाहीं, बाजारास जाणें बंद, लग्नकार्यास जाणें बंद, हींही त्याचींच चिन्हें होत. स्त्रियांत हें दुखणें पुरुषांपेक्षां अधिक आढळतें. परंतु घरचें काम ओढीत ओढीत त्या तें लपवितात, म्हणून तें दिसत नाहीं.

येथें एका गैरसमजाचा निरास करणें जरूर आहे. ‘जीव देण्याचा विचार येतो काय?’ असें विचारल्यानें तो विचार माणसाच्या डोक्यांत शिरेल, अशी पुष्कळांस भीति वाटते. ती निराधार आहे. आपुलकीनें, एकांतांत व सरळ शब्दांत विचारल्यास माणसाच्या मनावरचें ओझें हलकें होतें, आणि वेळेवर मदत पोंचवितां येते. उत्तर ‘होय’ असें आलें, तर त्या माणसास एकटें सोडूं नये व त्याच दिवशीं डॉक्टरची गांठ घालून द्यावी.

दारू आणि नैराश्य

झोंप येत नाहीं म्हणून रात्रीं एक पेला घ्यावयाचा, येथून पुष्कळांच्या व्यसनाची सुरुवात होते. परंतु दारूनें येणारी झोंप पुरी होत नाहीं. पहाटे जाग येते, आणि मन आदल्या दिवसापेक्षां अधिक जड होतें. मग मात्रा वाढते. अशा रीतीनें उदासपणा दारूस व दारू उदासपणास वाढविते. शिवाय नशेंत विवेक सुटतो. शुद्धींत असतां जें पाऊल माणूस उचलणार नाहीं, तें तो त्या घटकेस उचलूं शकतो.

हिशेबाच्या वहींत ही बाब कोणी लिहीत नाहीं. दिवसास १०० रुपये धरले तरी वर्षाचे ३६,५०० रुपये होतात. त्यांत बुडालेले कामाचे दिवस, वेळेवर न झालेली फवारणी, अपघात आणि औषधपाणी मिळवावें. पीककर्जावरील व्याजाची चिंता करणाऱ्या शेतकऱ्यानें हा आंकडा एकदां स्वतः मांडून पाहावा.

उपदेश पुरेसा कां होत नाहीं

दारूविरुद्ध उपदेश आपल्याकडे नवा नाहीं. गाडगे महाराजांनीं कीर्तनांतून कर्ज व दारू या दोहोंवर कोरडे ओढले. तुकडोजी महाराजांनीं खंजिरीच्या तालावर व्यसनमुक्तीचा प्रसार केला. ज्यानें अद्याप पेल्यास हात लावला नाहीं, त्याला या उपदेशानें निश्चित आधार मिळतो. परंतु ज्याचें शरीरच दारूवांचून चालेनासें झालें आहे, त्यास नुसता उपदेश म्हणजे मलेरियाच्या रोग्यास ‘थंडी वाजवून घेऊं नकोस’ असें सांगण्यासारखें आहे. व्यसन जडलें म्हणजे तें दुखणें होतें.

यांतून दोन धोक्याच्या चुका होतात. पहिली, वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पिणाऱ्या माणसास कोंडून ठेवून त्याची दारू एकाएकीं तोडणें. अशा माणसास पहिल्या दिवसांतच हातपाय कांपणें व घाम सुटणें सुरू होतें; पहिल्या दोन दिवसांत झटके येऊं शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जिवावर बेतूं शकतें. म्हणून अशांची दारू डॉक्टरच्या देखरेखीखालींच सोडवावी. योग्य औषधानें हे दिवस सुखरूप पार पडतात. दुसरी चूक, दारू सुटावी म्हणून माणसास न सांगतां चहांत वा भाजींत गोळी किंवा पूड मिसळणें. कांहीं औषधें अशीं आहेत कीं, तीं पोटांत असतां दारू घेतल्यास रक्तदाब एकदम उतरतो व प्राणास अपाय होतो. तीं औषधें रोग्याच्या संमतीनें, तपासणी करून, डॉक्टरनेंच द्यावयाचीं असतात. जाहिरातींतील ‘न कळत दारू सोडवा’ या वचनास कोणी भुलूं नये.

अमरावतीचा व गोव्याचा अनुभव

मग खेड्यांत, जेथें मनाचा डॉक्टर पन्नास पन्नास मैलांत नाहीं, तेथें करावें काय? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच मुलखांत शोधलें गेलें आहे.

विदर्भांत अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत २०११ पासून ‘विश्राम’ नांवाचा कार्यक्रम चालविण्यांत आला. त्याची रचना साधी होती. गांवांतीलच कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन या दुखण्याची माहिती द्यावयाची व पीडित माणूस ओळखावयाचा. शिकवून तयार केलेल्या समुपदेशकानें त्याच्याशीं ठरल्या वेळीं बोलावयाचें. आणि ज्यास औषधाची गरज, त्याची गांठ मनोविकारतज्ज्ञाशीं घालून द्यावयाची. कार्यक्रमापूर्वीं नैराश्यानें पीडित अशा १०० माणसांत फक्त ४ जण कोणाकडे तरी मदतीसाठीं जात. अठरा महिन्यांनंतर हें प्रमाण २७ झालें. हा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. तुलनेसाठीं कार्यक्रमाबाहेरचीं गांवें घेतलीं नव्हतीं, ही त्या अभ्यासाची मर्यादा लक्षांत ठेवावी. तरीही सहापटीची वाढ ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हे. आणि तीसुद्धां कोणतेंही मोठें रुग्णालय न उभारतां झाली.

गोव्यांत ‘संगाथ’ या संस्थेनें याहून काटेकोर परीक्षा घेतली. ती आपण बियाण्याच्या वाणाची घेतों तशीच होती : रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट करून एकास नेहमींचा उपचार व दुसऱ्यास त्याच्या जोडीला समुपदेशन दिलें. समुपदेशक डॉक्टर नव्हते. या कामाचें पूर्वशिक्षण नसलेलीं, थोड्या अवधींत तयार केलेलीं स्थानिक माणसें होतीं. तीव्र नैराश्याच्या रोग्यांपैकीं तीन महिन्यांत बरे झालेल्यांचें प्रमाण नेहमींच्या उपचारांत शेंकडा ३९, तर समुपदेशनाच्या गटांत ६४ पडलें. अपायकारक प्रमाणांत पिणाऱ्या, परंतु दारूच्या पुरत्या आहारीं न गेलेल्या पुरुषांतही असाच फरक दिसला : सुधारलेल्यांचें प्रमाण शेंकडा २६ विरुद्ध ३६. हे निष्कर्षही २०१७ सालचेच आहेत.

या समुपदेशनांत गूढ असें कांहीं नाहीं. खचलेला माणूस ‘मन लागेल तेव्हां काम करीन’ म्हणतो. त्यास उलट वाटेनें नेतात. मन लागण्याची वाट न पाहतां आज एक लहानसें काम करावयाचें, जसें कीं गोठा झाडणें, देवळापर्यंत चालून येणें, मुलीचा अभ्यास घेणें. तें केल्यावर मनास काय वाटलें तें सांगावयाचें. उद्यां त्यांत थोडी भर घालावयाची. दारूच्या बाबतींत कोणत्या वेळीं, कोणाच्या संगतींत व कशामुळें पेला हातीं येतो, तें त्याचें त्यानें शोधावयाचें व त्या घटकेस दुसरें काय करावें तें आधींच ठरवावयाचें. सहा ते आठ भेटींत नैराश्याचा उपचार पुरा होतो. दारूच्या बाबतींत चारच भेटी ठरविल्या होत्या. यावरून आम्हांस मुख्य बोध होतो तो असा : या दुखण्यांत कमतरता औषधापेक्षां नियमानें येऊन बसणाऱ्या माणसाची आहे, आणि असें माणूस गांवांत तयार करतां येतें.

दुकान बंद करणें आणि रोगी बरा करणें

दारूचा पुरवठा तोडावा कीं व्यसनी माणसास बरें करावें, असा वाद नेहमीं ऐकूं येतो. आमच्या मतें हे गाडीचे दोन बैल आहेत. वर्धा जिल्ह्यांत १९७४ पासून, आणि लोकांच्या चळवळीमुळें गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत ती २०१५ सालीं आली व चोरटी विक्री वाढल्याचें कारण देऊन सरकारनें २०२१ सालीं ती उठविली. कायदा कागदावर आला, पण गांवाची पकड व उपचाराची सोय त्याच्याबरोबर आली नाहीं, तर काय होतें तें यावरून कळतें.

गडचिरोलींत हें ओळखून २०१६ सालीं ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम सुरू झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य सरकार आणि टाटा न्यास यांनीं तो मिळून उभारला. त्यांत चार कामें एकदम चालतात : लोकशिक्षण, गांवसंघटनेकडून बेकायदा विक्री बंद पाडणें, सरकारी अंमलबजावणी आणि तालुक्याच्या ठिकाणीं व्यसनी माणसांवर उपचार. दारूबरोबर तंबाखू व खर्रा यांचाही त्यांत समावेश आहे, हें विशेष. कारण शाळकरी मुलाच्या हातीं पहिल्यानें येतो तो खर्राच.

जेथें जिल्ह्याची बंदी नाहीं, तेथेंही गांव अगदीं हतबल नाहीं. गांवच्या महिला मतदारांपैकीं शेंकडा २५ जणींनीं मागणी केली, तर परवान्याच्या दुकानासंबंधीं मतदान घेतां येतें; आणि एकूण महिला मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतें ‘आडव्या बाटली’स पडल्यास तें दुकान बंद होतें. ही तरतूद २००८ च्या आदेशान्वयें आहे. अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेस १९९६ च्या कायद्यानें याहून मोठा अधिकार आहे. परंतु दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं रोज पिणाऱ्यांचे हात कांपूं लागणार आहेत. त्यांची सोय आधीं केलेली असावी.

घरांतील विष

संकटाच्या घटकेचा आवेग बहुधा थोडा वेळ टिकतो. त्या वेळांत जीवघेणें साधन हाताशीं नसेल, तर पुष्कळ माणसें वांचतात, व वांचलेल्यांपैकीं बहुतेक पुढें आपलें आयुष्य पुरें जगतात. श्रीलंकेंत १९९५ सालीं अत्यंत विषारी कीटकनाशकांवर आणि १९९८ सालीं एंडोसल्फानवर बंदी आली. १९९५ पासून २००५ पर्यंतच्या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलें. आपल्या देशांत एंडोसल्फान २०११ सालीं बंद झालें. फोरेट, ट्रायझोफॉस वगैरेंवरील बंदी २०२० च्या अखेरीस पुरी अमलांत आली.

घरोघर कुलुपाच्या पेट्या दिल्यानें काय होतें, याचीही परीक्षा श्रीलंकेच्या खेड्यांत मोठ्या प्रमाणावर झाली. नुसत्या पेटीनें प्रमाण कमी झालें नाहीं, असें २०१७ सालीं दिसून आलें. किल्ली घरांतच असते, हें कारण उघड दिसतें. म्हणून उरलेलें औषध घरांत ठेवूंच नये, हा खरा उपाय. एका फवारणीपुरतेंच आणावें. उरल्यास तें गांवच्या किंवा सोसायटीच्या सामाईक कुलुपबंद कोठारांत नांवानिशीं जमा करावें. तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यांतील कांहीं गांवांत असें सामाईक कोठार चालवून पाहण्यांत आलें असून शेतकऱ्यांनीं त्याचा स्वीकार केला.

आपल्या गांवीं काय करावें

१. ग्रामसभेनें व सोसायटीनें मिळून गांवांतील एक पुरुष व एक स्त्री, ज्यांच्यापाशीं लोक मन मोकळें करतात अशीं, या कामास निवडावीं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडून त्यांस शिक्षण देववावें व आशा ताईंचें साह्य घ्यावें. विदर्भ-मराठवाड्यांतील १४ जिल्ह्यांसाठीं सरकारनें २०१५ सालीं ‘प्रेरणा’ प्रकल्प काढला, तोही याच धोरणाचा आहे.

२. ज्यांनीं हें काम घेतलें, त्यांनीं ऐकलेली गोष्ट पारावर नेऊं नये. एकदां बोभाटा झाला, कीं त्या गांवांत पुन्हां कोणी तोंड उघडणार नाहीं.

३. नापिकी, गारपीट, घरांतील मृत्यु व कर्जवसुलीचा हंगाम, या वेळीं संबंधित घरीं न बोलावतां जावें. व्यसनमुक्ति केंद्रांतून परत आलेल्या माणसाकडे निदान वर्षभर जात राहावें. पुन्हां पेला उचलला तर ‘सगळें फुकट गेलें’ असें न म्हणतां पुन्हां उपचारास न्यावें. अशांचे एकमेकांस आधार देणारे गट ठिकठिकाणीं आहेत. पुण्याचें मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हें काम करीत आलें आहे.

४. सोसायटीनें थकबाकीदारांचीं नांवें फलकावर लावून त्यांची नाचक्की करूं नये. वसुलीचा तगादा एकांतांत, कर्जाच्या फेरबांधणीचा मार्ग सांगत करावा. वसुली न सोडतांही माणसाची अब्रू राखतां येते.

५. मजुरी गुत्त्याच्या वाटेवर, रात्रीं रोख देण्याऐवजीं दिवसा द्यावी किंवा बँकेंत भरावी. स्त्रीची मजुरी तिच्याच हातीं द्यावी. कोणत्याही निमित्तानें मजुरास दारू पाजण्याची चाल धन्यानें बंद करावी. पोळा, शिमगा व निवडणुका यांत प्रतिष्ठित लोकांनीं स्वतःपासून सुरुवात करावी.

६. ज्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला, त्याच्या घरच्यांनीं पोलिसांच्या भीतीनें उपचार लांबवूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यान्वयें असा माणूस तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरलें जातें. त्यास शिक्षा न करतां उपचार देणें सरकारचें कर्तव्य आहे.

७. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक सोसायटी, चावडी, शाळा व कृषि-सेवा केंद्र येथें ठळक लिहावा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र व विनामूल्य चालते, व मराठींत बोलतां येतें.

पैकीं बहुतेक कामांस पैसा लागत नाहीं. लागते ती चिकाटी, व तीच येथें दुर्मिळ आहे. बाहेरून आलेले कार्यक्रम ठराविक मुदतीचे असतात. देणगी संपली कीं पथक परत जातें. अमरावतीच्या गांवांत काय झालें त्यापेक्षां आपल्या गांवांत पांच वर्षांनंतर काय टिकेल, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर आपल्यावांचून दुसरें कोणी देऊं शकत नाहीं. ज्या गांवांनीं पाणीपट्टी व दूधसंघ सांभाळले, त्यांस दोन माणसांचें हें काम सांभाळणें जड नाहीं.

शेतकरी बंधुभगिनींनो, येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घालावा, एवढीच आमची विनंति आहे. आणि तोंपर्यंत, आपल्या शिवारांतील ज्या माणसाचें बाजारास येणें अलीकडे बंद झालें आहे, त्याच्या घरीं आजच संध्याकाळीं जाऊन यावें. उपदेश करूं नये; बसावें, विचारावें, आणि पुन्हां येतों म्हणून सांगून खरोखर पुन्हां जावें.